बर्फात पुरलेली स्टेपनी

सासरे मला बघायला घरी आले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "कारखान्यात तुम्ही नेमकं करता काय?" मी खरं ते सांगितलं, "गाड्या मोडतो." सासरे मनमाडला रेल्वेत होते, शिस्तीचा माणूस. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्या वडिलांकडे पाहिलं. वडील घाईघाईनं म्हणाले, "ड्रायव्हर आहे हो तो. जरा फटकळ आहे, एवढंच." लग्न झालं, पण सासऱ्यांच्या मनातली शंका काही पुढं कित्येक वर्षं गेली नाही.

वाचकांच्या मनात तरी ती नको, म्हणून आधीच उलगडून सांगतो. नाशकात अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. तिथल्या एका शेडमध्ये रस्ता सोडून चालणारे ट्रक बनायचे. साध्या ट्रकची मागचीच चाकं इंजिनाच्या जोरावर फिरतात, आमच्या ट्रकची चारही फिरायची. जंगलवाले, धरणवाले, लष्करवाले अशी आमची गिऱ्हाइकं. नवा ट्रक तयार झाला की गिऱ्हाइकाच्या आधी तो माझ्या हातात यायचा. निफाडकडची काळी माती, गोदावरीच्या पात्रातली वाळू, पेठच्या घाटातला आषाढातला चिखल, असं सगळीकडे त्याला घालायचं, छळायचं आणि काय मोडतं ते बघायचं. आमच्या हातून मोडला तर कारखान्याचा फायदा, गिऱ्हाइकाच्या हातून मोडला तर अब्रू गेली. माझ्यासारखा दुष्ट ड्रायव्हर सापडायला नशीब लागतं, असं आमचे साहेब म्हणायचे, आणि मी ते कौतुक समजून घ्यायचो.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने असत. एकदा एका सर्कशीचे मॅनेजर ट्रक बघायला आले. पावसाळ्यात त्यांचा तंबू चिखलात फसायचा, सामान काढता यायचं नाही, म्हणून त्यांना आमचा ट्रक हवा होता. मी म्हटलं, चला, तुमच्या मैदानावरच दाखवतो. सर्कस तेव्हा नाशकातच होती. मी ऐटीत ट्रक चिखलात घातला आणि पार बंपरपर्यंत रुतवून बसलो. त्यांनी एक शिट्टी घातली. तंबूमागून हत्तीण आली, तिनं कपाळ लावून ट्रकला मागून असा रेटा दिला की मी थेट तिकीटबारीपाशी. मॅनेजर हात जोडून म्हणाले, "माफ करा, आमच्याकडे आहे तेच मॉडेल बरं आहे." त्या दिवशी शेडमध्ये मला कुणी जेवू दिलं नाही, इतके हसले लेकाचे.

हसण्यात सगळ्यात पुढं आमचे तात्या. तात्या म्हणजे शेडचे फोरमन, मूळचे सिन्नरचे, आवाज असा की चालू इंजिनावरून ऐकू यावा. शेडमधली निम्मी पोरं त्यांनीच गावोगावहून आणलेली. कोणी नांदगावचं, कोणी सुरगाण्याचं, कोणी त्यांच्या बहिणीच्या गावचं. पोरांच्या लग्नात अक्षता टाकायला तात्या, बारशाला पाळणा हलवायला तात्यांची बायको. तात्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. "हाय की एवढी मोठी पलटण," असं ते म्हणायचे.

ही पलटणच मोडायची वेळ आली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बड्या लोकांनी ठरवलं की ह्या ट्रकला गिऱ्हाईक उरलं नाही, शेड बंद करावी. फक्त एक आशा होती. लष्कराला पार उत्तरेत, लडाखच्या बाजूला, हिमनदीवरून सामान नेणारा ट्रक हवा होता. आमचा ट्रक तिथल्या चाचणीत उतरला तर शेड चालणार, नाही उतरला तर पोरं आपापल्या गावी परत. मधला रस्ता नव्हता.

निघायच्या दिवशी सगळी शेड गेटाशी जमली. तात्या ट्रकच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "हे बघा, दिवाळीच्या आत आपण माघारी येतोय. पास झालो तर गाडी धुऊन, चकाचक करून गेटातून आत आणीन. नापास झालो तर जशी असंल तशी, मळकी. तुम्ही लांबून गाडी बघा आन् समजून घ्या. मला काही विचारू नका." एवढं बोलून ते केबिनमध्ये बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

आम्ही चौघं होतो. गाडीवर मी. तात्या. मेकॅनिक धर्मा, सटाण्याकडचा, दिवसभर अहिराणीत गाडीशीच बोलणारा. आणि देशमुख साहेब, आमचे इंजिनिअर. वयानं माझ्याएवढेच, हुशार माणूस, पण गाडीत बसले की त्यांना उलटी व्हायची. रस्ता सोडून चालणारी गाडी बनवणाऱ्या माणसाला गाडी लागते, ह्यावर धर्मानं जम्मूपर्यंत आमची करमणूक केली. साहेबही हसायचे, मधूनमधून खिडकीबाहेर डोकं काढून.

हिमनदी म्हणजे काय ते मला तिथं गेल्यावर कळलं. मला वाटलं होतं, नदी गोठली असेल, वर गुळगुळीत काच. छे! डोंगराच्या दोन रांगांमध्ये मैलोगणती बर्फ पसरलेला, जागोजागी फुगलेला, खचलेला, वर दगडगोटे आणि आत भेगा. वरून कडक दिसतो आणि पोटातून पाण्याचे ओहोळ वाहत असतात. आणि ती नदी खरंच वाहते. साहेब मला म्हणाले, "गांगुर्डे, हा सगळा बर्फ खाली सरकतोय. रोज थोडा थोडा." मी पाय ब्रेकवर ठेवून बराच वेळ बघितलं, मला काही सरकताना दिसला नाही.

थंडीत गाडी सांभाळायची रीत वेगळी. गाडी उभी केल्यावर इंजिनावर पांघरूण घालायचं, नाही तर सकाळी तेलाचा गूळ होतो. त्यासाठी माझ्या बायकोनं, सुलोचनानं, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून दिल्या होत्या. जवान लोक यायचे आणि जांभळ्या-पिवळ्या गोधडीत गुंडाळलेलं इंजिन बघून विचारायचे, "इसको जुकाम हुआ है क्या?" धर्मा छातीवर हात ठेवून सांगायचा, "भाभीने दिया है." त्या गोधड्यांनी इंजिन एकदाही रुसू दिलं नाही.

चाचणीच्या अटी तिथल्या मेजर साहेबांनी सांगितल्या. शांत माणूस, मिशीवर कायम थोडा बर्फ. माल भरून हिमनदी ओलांडायची, पलीकडच्या चौकीवर उतरवायचा आणि सूर्य डोंगरामागं जायच्या आत परत यायचं. गाडी बिघडली तर दुरुस्त करा, फसली तर काढा, पण आपली आपण. दुसऱ्या गाडीनं ओढलं की नापास. मागून त्यांचा एक मोठा ओढगाडा येणार होता, हुक तयार ठेवून. दिवस ठरला तो नेमका दसऱ्याचा.

आता आदला दिवस कोणता? खंडेनवमी! कारखान्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्या दिवशी मशिनं पुसायची, हत्यारं मांडायची, गाडी धुवायची, पूजा करायची. तात्यांनी नाशकाहून येताना सगळं बरोबर आणलेलं. नारळ, हळद-कुंकू, कागदी झेंडूचा हार, आपट्याची पानं डब्यात भरून, आणि दोन पितळी बादल्या. देशमुख साहेब मेजरांकडे नकाशा समजून घ्यायला गेले होते. दुपारचं ऊन छान पडलं होतं. तात्या म्हणाले, "चला रे, गाडीला अंघोळ घालू. उद्या परीक्षा, आन् पोरगी अशी पारोशी बसवायची व्हय?"

मी बौद्ध घरातला. आमच्याकडे दसरा मोठा, पण त्याचं कारण वेगळं, नारळ-कुंकू नाही. तात्यांना ते ठाऊक होतं. दरवर्षी ते मला म्हणायचे, "गांगुर्डे, तू पूजेला नको बसूस, तू बादली धर." आणि मी आनंदानं धरायचो, कारण गाडी स्वच्छ ठेवणं हा तर माझाच धर्म. तिथंही धरली. जवानांच्या लंगरमधून, म्हणजे स्वयंपाकघरातून, गरम पाणी आणलं आणि तिघांनी मिळून ट्रक असा धुतला की डोंगर दिसावा त्यात. चाकं, ड्रम, आतले सांधे, काही सोडलं नाही. मग तात्यांनी नारळ फोडला. नारळात पाणी नव्हतंच. पांढराशुभ्र बर्फाचा गोळा निघाला आणि टणटण उड्या मारत चाकाखाली गेला. आम्ही पोट धरून हसलो. "प्रसादाची कुल्फी झाली!" तात्या म्हणाले. अहो, नारळानं एवढं समजावून सांगितलं, तरी तीन शहाण्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सकाळी इंजिन झकास चालू झालं. गिअर टाकला, क्लच सोडला, गाडी जागची हलेना. धर्मा खाली वाकला आणि ओरडला, "तात्या, बठ्ठा चाकं चिटकी ग्यात!" धुतलेलं पाणी ब्रेकच्या ड्रममध्ये शिरलं होतं, गोठलं होतं, आणि आतले ब्रेक ड्रमला चिकटून बसले होते. गाडी चकाचक होती, कागदी हार घालून, आणि जमिनीला खिळलेली.

देशमुख साहेब आले. त्यांनी गाडी बघितली, हार बघितला, बादल्या बघितल्या. मला वाटलं, आता फुटले. पण ते एवढंच म्हणाले, "तात्या, तुम्ही इथं गाडी धुतलीत?" तात्या पुटपुटले, "खंडेनवमी होती ना साहेब." साहेबांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "बरं. विस्तव आणा. आणि वहिनींच्या गोधड्या आणा. पाण्याला हात लावायचा नाही कुणी."

प्रत्येक चाकाखाली निखाऱ्यांची पाटी, वरून गोधडीचा झगा, आणि आम्ही आळीपाळीनं ड्रमवर हलक्या हातानं हातोडीचे ठोके देतोय. मेजर आले तेव्हा ट्रक बाळंतिणीसारखा शेक घेत होता. त्यांनी कारण विचारलं. तात्यांनी आपल्या हिंदीत सांगितलं, "साब, कल हमने इसको नहलाया. हमारे में नहलाते है." आणि कसंनुसं होऊन त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, "सोना लो साब, दसरा है." मेजरांनी पान टोपीत खोचलं. म्हणाले, "तात्याजी, सूरज तो नहीं रुकेगा." ते खरंच होतं. चाकं एकेक करून सुटली, पण आमची अख्खी सकाळ त्या अंघोळीत गेली.

मग मात्र गाडीनं जे केलं ते सांगताना अजून माझी छाती फुगते. चारही चाकांना साखळ्या, सगळ्यात हळू गिअर, आणि गाडी मुंगीच्या चिकाटीनं चालली. बर्फावर घाई करायची नाही, ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग झटक्यानं वळवायचं नाही. बुडाखाली काय चाललंय ते बुडालाच कळतं. साहेब पुढं पायी चालत, काठीनं बर्फ टोचत वाट दाखवत होते. पायी चालताना त्यांना उलटी होत नसे, त्यामुळे ते खुशीत होते. पलीकडच्या चौकीवर माल उतरवला. तिथल्या जवानांना भाज्या मिळाल्या. ते गाडीला मिठी मारायचे बाकी होते.

परतताना मध्यावर आलो आणि पुढचं उजवं चाक खाली गेलं. कडाक् असा आवाज. वरचा बर्फ पापडासारखा फुटला होता आणि खालच्या ओहोळात चाक लोंबकळत होतं. ओहोळ अरुंद, पण चाक गिळायला पुरेसा. गाडी नाक खुपसून उभी राहिली. मागं घ्यायला गेलो तर मागची चाकं जागच्या जागी घुमू लागली. ओढगाडा मागून येऊन थांबला. त्याचा ड्रायव्हर, भला माणूस, हुक हातात घेऊन खाली उतरला. "लगा दूँ?" तात्या त्याच्यासमोर आडवे उभे राहिले, "हात नाय लावायचा!" मराठीत ओरडले, पण त्याला समजलं.

आमच्या गाडीला पुढं बंपरवर विंच असतो, म्हणजे लोखंडी दोराचं रीळ. दोराचं टोक समोरच्या झाडाला बांधायचं, इंजिनाच्या जोरावर रीळ गुंडाळायचं, की गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. पण हिमनदीवर झाड कुठलं? गोदावरीच्या वाळूतही झाड नसतं, म्हणून तिथं आम्ही एक युक्ती करायचो. स्टेपनी, म्हणजे जादा चाक, समोर खड्ड्यात पुरायचं आणि दोर त्याला बांधायचा. वाळूच्या वजनानं चाक धरून राहतं. तेच केलं. गाडीतल्या फळ्या चाकापुढं ओहोळावर टाकल्या, पलीकडे दोर नेला, खड्डा खणला, स्टेपनी पुरली, वर बर्फ दाबला. विंच फिरवला. दोर ताठ झाला आणि स्टेपनी मुळ्यासारखी उपटून वर आली. पुन्हा पुरली, पुन्हा उपटली. तो बर्फ भुसभुशीत, वाळूचं वजन त्याला नव्हतं.

धर्मा खाली बसला. "आते काय करवानं, तात्या?" सूर्य डोंगराकडे निघाला होता. तात्या पश्चिमेकडे तोंड करून उभे, आणि मला दिसत होतं की त्यांना सूर्य दिसत नाहीये, गेटाशी उभी असलेली पोरं दिसतायत. माझ्या भावासारखा माणूस, पण तेव्हा माझं डोकं सणकलं. सकाळ फुकट गेली नसती तर खणायला वेळ होता. मी तोडून बोललो, "बघता काय तात्या? घाला आता स्टेपनीला पण अंघोळ!"

देशमुख साहेब गर्रकन वळले. "काय म्हणालात?"

"चुकलो साहेब, रागात—"

"अहो, काय म्हणालात ते परत म्हणा!" आणि माझी वाट न बघता ते ओरडले, "तात्या, बादल्या कुठायत तुमच्या?"

एका क्षणात चौघांनाही उमगलं. पाण्यानं चार चाकं चिकटवली होती, पाचवं का नाही चिकटणार? पाण्याला तर तोटाच नव्हता, आमचं चाक पाण्यातच होतं! बादल्या गाडीत होत्याच. तात्या त्या अशा घेऊन धावले की वाटावं, घरी लग्न आहे आणि पंगत बसलीय. ओहोळातून बादली भरायची, स्टेपनीवर ओतायची, वर बर्फाचा थर, पुन्हा पाणी, पुन्हा थर. साहेबही कोपरापर्यंत ओले. ओढगाड्याचा ड्रायव्हर हुक टाकून बघत उभा राहिला. त्याला वाटलं असेल, ह्या नाशिकवाल्यांचं पूजेचं काहीतरी राहिलं होतं.

आणि मग थांबायचं. तो वेळ मी विसरू शकत नाही. गोठायला थंडी हवी, म्हणून सूर्य जावा असं वाटायचं. अटीसाठी सूर्य हवा, म्हणून राहावा असं वाटायचं. आम्ही गोधड्या अंगावर घेऊन, एकमेकांना चिकटून बसलो. तात्या माझ्या कानाशी म्हणाले, "गांगुर्डे, उद्या काय बी होवो, तू बोललास ते बरं केलंस." मी त्यांचा हात धरला. साहेबांनी काठीनं स्टेपनीवर टकटक केलं. दगडासारखा आवाज आला.

मी केबिनमध्ये चढलो. विंच फिरला. दोर ताठ झाला, गुणगुणायला लागला. स्टेपनी हलली नाही. दोर आणखी ताणला. स्टेपनी हलली नाही. आणि मग माझ्या बुडाखालून गाडी हळूहळू वर उठली, पुढं टाकलेल्या फळ्यांवर चाक टेकलं, आणि ओहोळ ओलांडून ट्रक पलीकडे उभा. तात्या बर्फात फतकल मारून बसले आणि ढसाढसा रडले. धर्मा गाडीच्या नाकाची पापी घेत होता. लोखंडाला ओठ चिकटतील, असं साहेब ओरडत होते.

आम्ही तळावर पोचलो तेव्हा डोंगराच्या कडेवर उन्हाची एक पट्टी शिल्लक होती. मेजर बाहेरच उभे होते, टोपीत आपट्याचं पान. त्यांनी आधी डोंगराकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि तात्यांना सॅल्यूट ठोकला. तात्यांनीही ठोकला, डाव्या हातानं. उजव्यात बादली होती.

स्टेपनी मात्र निघालीच नाही. दुसऱ्या दिवशी पहार घेऊन गेलो, पहार वाकली. साहेब म्हणाले, "राहू दे. नदीबरोबर येईल खाली, शे-दोनशे वर्षांत." नाशकात आल्यावर स्टोअरकीपरनं तिच्यासाठी माझा जीव खाल्ला. मी त्याला शेवटी सांगितलं, स्टेपनी निघालीय, वाटेत आहे. आज त्या शेडचं गोडाऊन झालंय, तात्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली, माझेही गुडघे वाजतात. आमच्यापैकी एकटी तीच अजून चालते आहे, ह्याचं मला राहून राहून बरं वाटतं.

परतीचा प्रवास लांबला. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी चांदवडपाशी आलो. गाडीवर चार राज्यांची धूळ होती. तात्या म्हणाले, "थांबव." रस्त्याकडेच्या एका विहिरीवर पाण्याचं इंजिन चालू होतं. मी खाली उतरलो, मागून बादल्या काढल्या, एक तात्यांच्या हातात दिली, एक मी धरली.

दुपारी अंबडला वळलो. गेटाशी सगळी शेड उभी होती, कोणीतरी नाक्यावरून आधी पळत जाऊन सांगितलं असणार. पण लांबून त्यांना आमची तोंडं दिसत नव्हती, आणि ती बघायला कोणी थांबलंही नाही. त्यांनी उन्हात चमकणारी गाडी बघितली. मग जो आरडाओरडा उठला, टोप्या उडाल्या, आणि सगळी पलटण रस्ता भरून आमच्याच दिशेनं धावत सुटली.

तात्यांच्या डोळ्यांना धारा लागलेल्या. त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. पण त्यांनी माझा दंड घट्ट पकडला आणि म्हणाले, "गांगुर्डे, ओली हाय गाडी. आधी ब्रेक मारून बघ बाबा!"